दाइमाजिन पाहताना तासभर थांबायचं कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गॉडझिला आवडतो म्हणून १९६६ चा जपानी राक्षसपट ‘दाइमाजिन’ लावला, पण तास उलटला तरी पुतळा जागचा हलेना. नुसते सामुराई, कटकारस्थान आणि गावकऱ्यांचे हाल. शेवटची वीसेक मिनिटं मात्र जबरदस्त. मग माझं पाहण्यात काही चुकतंय का, उरलेले दोन भाग पाहावेत का, कुठल्या क्रमाने, आणि नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावेत का?

शेवटची वीस मिनिटं जबरदस्त वाटली, म्हणजे चित्रपट तुमच्यापर्यंत पोचला आहे. अडचण आहे ती आधीच्या तासाची. तो तास ‘राक्षस यायची वाट’ म्हणून काढला तर कंटाळा येणारच. तो कशासाठी आहे हे कळलं की तोच तास ओढून धरतो. अर्थात हे थोडं स्वभावावरही आहे. ज्यांना जुने, संथ चालीचे ऐतिहासिक चित्रपट मुळातच सहन होत नाहीत, त्यांना माझं काहीही स्पष्टीकरण उपयोगाचं नाही. त्यांनी शेवटचा भाग पुन्हा पाहावा आणि सुखी राहावं. बाकीच्यांसाठी पुढचं.

आधी हा चित्रपट कुठून आला ते पाहू. दाइएइ या कंपनीचे दोन मोठे स्टुडिओ होते, एक तोक्योत आणि एक क्योतोत. उडणारं कासव गामेरा हे तोक्योचं अपत्य. क्योतोचा स्टुडिओ ऐतिहासिक चित्रपटांचा, ज्यांना जपानीत ‘जिदाइगेकी’ म्हणतात. ‘राशोमोन’ (१९५०) आणि ‘उगेत्सु’ (१९५३) तिथलेच, १९६२ पासूनचे आंधळ्या तलवारबाजाचे झातोइचीपटही तिथलेच. ‘दाइमाजिन’ क्योतोत बनला. दिग्दर्शक किमियोशी यासुदा हे जिदाइगेकीत मुरलेले गृहस्थ. किल्ल्याचे दरवाजे, किमोनोची घडी, तलवार उपसायची ढब, मशालींचा उजेड, हे सगळं त्या स्टुडिओच्या रोजच्या कामातलं होतं. म्हणून यातला सामुराईंचा भाग राक्षसपटातल्या भरतीसारखा ढिला नाही. तो स्वतंत्र चित्रपट म्हणूनही उभा राहतो.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १७ एप्रिल १९६६ ला ‘दाइमाजिन’ एकटा प्रदर्शित झाला नव्हता. त्याच्या जोडीला गामेरा आणि बारुगोन या राक्षसांच्या लढाईचा चित्रपट होता. एका तिकिटात दोन्ही. प्राण्यांची मारामारी आणि कोसळणारी शहरं यांची भूक त्या जोडीदाराने भागवायची, आणि याने सावकाश तापत जायचं. आज आपण घरी हा एकटाच लावतो आणि दोघांचं काम एकट्याकडून मागतो. तुमच्या कंटाळ्याचा निम्मा हिशेब इथेच लागतो.

उरलेला निम्मा कथेच्या बांधणीत आहे. आपल्याकडे ‘पापाचा घडा भरणे’ म्हणतात ना, तो पहिला तास म्हणजे अक्षरशः तेच. यातला प्रत्येक प्रसंग घड्यात एक ओंजळ टाकतो आणि पुतळा तेवढा वेळ गप्प असतो. म्हणून पुन्हा पाहाल तेव्हा राक्षसाची वाट न पाहता घड्यावर लक्ष ठेवा.

सुरुवातीला जमीन हादरते. शेतकरी घाबरून म्हणतात, डोंगरातला माजिन, म्हणजे पुतळ्यातला देव, बाहेर पडू पाहतोय. त्याला कोंडून ठेवण्यासाठी गावात विधी आणि नाच सुरू होतो, आणि त्याच गडबडीत सरदार हानाबुसाचा कारभारी सामानोसुके उठाव करून धन्याला मारतो. इथेच थांबून नीट बघा: देवाला बांधून ठेवण्याच्या रात्रीच राज्याचा दगा झाला आहे. पहिली ओंजळ साधीसुधी नाही. मग हानाबुसाची दोन लेकरं, बाळराजे तादाफुमी आणि कोझासा, इमानी सामुराई कोगेन्ता आणि पुजारीण शिनोबू यांच्या आधाराने डोंगरात लपतात. दहा वर्षं जातात. खाली गावात वेठबिगार, उपासमार, चाबूक. खबर काढायला गेलेला कोगेन्ता पकडला जातो, त्याला सोडवायला गेलेला तादाफुमीही सापळ्यात अडकतो. शिनोबू सामानोसुकेला देवाच्या कोपाची आठवण करून द्यायला जाते आणि त्याच्या तलवारीने मरते. शेवटी तो पुतळाच फोडायला माणसं पाठवतो. त्यांनी पुतळ्याच्या कपाळात मोठी छिन्नी ठोकली की दगडातून रक्त येतं.

तोवर घडा काठोकाठ आलेला असतो. सुरुवातीपासून हा क्रम मनात धरून पाहिलं तर ती छिन्नी फार मोठी वाटते, कारण पुढे माजिन ती स्वतःच्या कपाळातून उपसतो आणि त्याच छिन्नीने सामानोसुकेचा निकाल लावतो. तासभर मधल्या प्रसंगांवरून नजर फिरवत आलेल्याला हा फक्त एक क्रूर शेवट दिसतो. बाकीच्यांना व्याजासकट परत केलेली वस्तू दिसते.

आता माजिन स्वतः. तो सामुराई नाही, आणि हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे. त्याच्या चिलखताची आणि शिरस्त्राणाची घडण पाहा, ती चित्रपटातल्या कुणाच्याही चिलखतासारखी नाही. ती ‘हानिवा’ची आहे. हानिवा म्हणजे जपानच्या कोफुन काळात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या शतकात, मोठ्या थडग्यांवर आणि त्यांच्याभोवती ठेवल्या जाणाऱ्या भाजलेल्या मातीच्या आकृती. त्यातली सर्वांत गाजलेली, छोट्या पट्ट्या ओवून केलेलं चिलखत घातलेल्या योद्ध्याची मूर्ती, गुन्मा प्रांतात सापडली आणि आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचं छायाचित्र एकदा पाहून मग चित्रपट लावा. गोल, शांत, भोकांच्या डोळ्यांचा चेहरा. माजिनचा सुरुवातीचा चेहरा तोच आहे.

चित्रपटाचा काळ सेनगोकु, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातली सरदारांची बंडाळी. म्हणजे ज्याच्या कपाळात छिन्नी ठोकली तो या सरदारांहून, त्यांच्या किल्ल्यांहून हजारेक वर्षांनी जुना आहे. एका सरदाराचा पक्ष घेऊन दुसऱ्याला मारायला तो आलेला नाही. त्याच्या लेखी ही सगळीच कालची पोरं. म्हणूनच सामानोसुके मेल्यावरही तो थांबत नाही. वाटेत येईल ते तुडवतो, निरपराध गावकरीही सुटत नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना हे खटकतं: न्याय तर झाला, मग हा अजून का चिडलाय?

शिंतो समजुतीत एकाच देवाचं एक उग्र रूप असतं आणि एक सौम्य. जपानी शब्द ‘आरामितामा’ आणि ‘निगिमितामा’. मातीचा शांत चेहरा आणि हिरवट-निळा, जबडा आवळलेला चेहरा हे दोन वेगळे देव नाहीत. हात चेहऱ्यासमोरून वर जातो, आणि खालून दुसरा चेहरा निघतो. कुठलाही धूर नाही, वीज नाही, नुसता एक हात. या चित्रपटांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक करामत हीच आहे असं माझं मत आहे.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. खांबातून प्रकटलेला नृसिंह हिरण्यकशिपूला फाडल्यावरही शांत होत नाही, देवही जवळ जायला घाबरतात, शेवटी प्रल्हाद पुढे होतो. ‘दाइमाजिन’मध्ये प्रल्हादाच्या जागी कोझासा आहे. तिचे अश्रू त्याच्या पायावर पडतात आणि चेहरा पुन्हा मातीचा होतो. मात्र तुलना इथेच सोडा. नृसिंह भक्तासाठी येतो, माजिन हा मुळात कोंडून ठेवलेला देव आहे. गाव त्याला पुजतं ते तो बाहेर येऊ नये म्हणून. कोझासा त्याला हाक मारते तेव्हा ती रक्षणकर्त्याला बोलावत नसते, अनर्थाचं दार उघडत असते. ही भीती लक्षात ठेवून तो प्रार्थनेचा प्रसंग पाहा, त्याचा रंगच बदलतो.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत: पहिला तास घडा भरण्याचा आहे, आणि शेवटी येणारा कुणाच्या बाजूचा नाही. आता ती वीस मिनिटं इतकी खरी का वाटतात, त्याकडे येऊ. कारण ते तंत्राचं आहे, आणि गॉडझिलाच्या चाहत्याला त्यात जास्त रस वाटेल.

सगळं मापावर आहे. १९५४ चा गॉडझिला ५० मीटर उंच, माजिन ४.५ मीटर. गॉडझिलासाठी इमारती १/२५ प्रमाणात बांधल्या, माजिनसाठी १/२.५ प्रमाणात. साडेचारला अडीचने भागा, १.८ मीटर येतात, म्हणजे पोशाखातला माणूस. या एका आकड्यातून चार गोष्टी निघतात.

पहिली, सामान. खरं कौल ३० सेंटीमीटर लांब धरा. १/२५ मध्ये ते १.२ सेंटीमीटरचं होतं. नखाएवढं. असं कौल साच्यातून पत्र्यासारखं सलग काढावं लागतं आणि छप्पर मोडताना ते सलगच मोडतं, बिस्किटासारखं. १/२.५ मध्ये तेच कौल १२ सेंटीमीटरचं. ते एकेक बनवता येतं, एकेक रचता येतं आणि पडताना एकेक घरंगळतं. तुळया लाकडाच्या करता येतात आणि त्या लाकडासारख्याच चिरफाळतात. किल्ल्याचा दरवाजा मोडतो तेव्हा कौलांकडे पाहा, माजिनकडे नको. खरेपणा तिथून येतो.

दुसरी, पाणी, आग आणि धूळ. यांना लहान करता येत नाही. थेंब थेंबाएवढाच राहतो, ज्वाळेची जीभ तेवढीच. १/२५ च्या समुद्रात लाटेवरचा थेंब फुटबॉलएवढा दिसतो आणि डोळ्याला लगेच कळतं की हा हौद आहे. अडीचपटीत ही चूक जवळजवळ झाकली जाते. दुसरा भाग सगळा पाण्यावर आणि आगीवर बेतायचं धाडस म्हणूनच करता आलं.

तिसरी, वेग. साडेचार मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला साधारण ०.९६ सेकंद लागतो, १.८ मीटरवरून ०.६१. म्हणजे लहान प्रतिकृती जास्त वेगाने कोसळते आणि खेळण्यासारखी वाटते. उपाय म्हणजे कॅमेरा जोरात फिरवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल मंदावते. किती जोरात, ते प्रमाणाच्या वर्गमुळावर ठरतं. २.५ चं वर्गमूळ १.५८, म्हणून २४ च्या जागी सेकंदाला ३८ च्या आसपास चौकटी पुरतात. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे १२० चौकटी लागतील. एवढ्या मंद गतीत पोशाखातल्या माणसाची चाल पाण्याखालच्यासारखी तरंगू लागते. माजिनची चाल तशी होत नाही. ती जड आहे, पण माणसाची आहे.

चौथी, नजर. ४.५ मीटर म्हणजे माणसाच्या अडीच-तीनपट. एवढ्या उंचीवरून तो खाली पाहू शकतो, एका माणसाला हेरू शकतो, मुठीत धरू शकतो. ५० मीटरवरून माणसं मुंग्या होतात, राग शहरावर काढावा लागतो. माजिनचा राग एका माणसावर आहे, आणि त्या माणसाला ते कळतं. गॉडझिला आपत्ती वाटतो, हा मात्र दारावर आलेला तगादा वाटतो.

त्यात डोळ्यांची भर. पोशाखात रिकी हाशिमोतो होते, पूर्वीचे व्यावसायिक बेसबॉलपटू. पुढे १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त ब्रूस लीसमोर खलनायक सुझुकी तेच. मुखवट्यातून दिसणारे डोळे त्यांचे स्वतःचे आहेत. इतर राक्षसांना काचेचे किंवा दिव्याचे डोळे असतात, इथे जिवंत बुबुळं आहेत, आणि ती लवत नाहीत. धुळीच्या लोटातही पापणी न हलवल्यामुळे ती लाल झालेली दिसतात, आणि तो लालपणा रंगवून आणता आला नसता. चेहरा जवळून दाखवला जाईल तेव्हा पापण्यांकडे लक्ष द्या. पोशाख घडवला र्योसाकु ताकायामा यांनी, ज्यांनी त्याच वर्षी ‘अल्ट्रामॅन’ या टीव्ही मालिकेतल्या कित्येक राक्षसांना आकार दिला.

सामुराईंची दृश्यं आणि माजिनची दृश्यं एकाच जगातली वाटतात, यालाही कारण आहे. राक्षसपटांत बहुतेक वेळा नाट्यभागाचा कॅमेरामन एक आणि करामतींचा दुसरा असतो, आणि जोड दिसतो: इकडे संध्याकाळ, तिकडे स्टुडिओची दुपार. पहिल्या ‘दाइमाजिन’ला फुजिरो मोरिता यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. करामतींचे दिग्दर्शक योशियुकी कुरोदा. तरी जोड कुठे उघडा पडतो? निळ्या पडद्यासमोर चित्रित करून मग जोडलेल्या चौकटींत माजिनच्या कडेला बारीक झाक दिसते, आणि पळणाऱ्या माणसांवरचा उजेड त्याच्यावरच्या उजेडाशी कधी कधी जुळत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या कामाला एवढं माफ.

संगीत तिन्ही भागांना अकिरा इफुकुबे यांचं, गॉडझिलाला १९५४ साली संगीत देणारे तेच. मोजक्या सुरांची, खालच्या पट्टीतल्या पितळी वाद्यांची, पावलाच्या वजनाने येणारी धून. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत, आणि मग माजिन अर्ध्या वजनाचा होतो. चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर नसतील तर एखादा दिवस थांबा, पण असा पाहू नका.

टीव्हीवर आणखी दोन गोष्टी तपासा. एक, हालचाल गुळगुळीत करणारी ‘मोशन स्मूदिंग’ची सोय बंद करा. ती मधल्या चौकटी स्वतः बनवून घालते आणि वर सांगितलेल्या वर्गमुळाच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. भिंती पुठ्ठ्याच्या दिसू लागतात आणि दोष चित्रपटाला दिला जातो. दुसरं, चित्र २.३५ ला १ असं रुंद आहे. वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्याच पाहिजेत. पडदा भरण्यासाठी झूम केलंत तर डाव्या-उजव्या कडा कापल्या जातात, आणि क्योतोच्या कॅमेरामनना या कडांवर माणसं उभी करायची फार हौस. भाषा जपानीच ठेवा, सबटायटल्स घ्या. इंग्रजी डबिंगमध्ये दरबारी अदब आणि गावरान बोली एकाच सुरात येतात, आणि कोण कुणापुढे वाकतोय हे निसटतं.

आता उरलेल्या दोन भागांकडे. तिन्ही १९६६ चेच: पहिला एप्रिलमध्ये, दुसरा १३ ऑगस्टला, तिसरा १० डिसेंबरला. पटकथा तिन्हींची तेत्सुरो योशिदा यांची, आणि आठ महिन्यांत तीन म्हटल्यावर सांगाडा तोच राहणार हे उघड आहे. दुष्ट सरदार, छळ, प्रार्थना, माजिन. कथा एकमेकींना जोडलेल्या नाहीत, पात्रं वेगळी, मुलूख वेगळा. म्हणून एका रविवारी तिन्ही लागोपाठ पाहण्याची चूक करू नका. दुसऱ्याच्या मध्यावरच ‘हे पाहिलंय’ असं वाटू लागेल. मधे निदान आठवडा जाऊ द्या.

नावांचा एक घोळ आधीच सांगतो. जपानी नावांचा अर्थ ‘दाइमाजिन कोपतो’ आणि ‘दाइमाजिनचा प्रतिहल्ला’ असा आहे, पण इंग्रजी नावं निरनिराळ्या वितरकांनी निरनिराळी लावली. ‘रॅथ’ (म्हणजे कोप) कुठे दुसऱ्याला चिकटलंय तर कुठे तिसऱ्याला. नावावर जाऊ नका. तळं असेल तर दुसरा, बर्फ असेल तर तिसरा. किंवा दिग्दर्शक पाहा: दुसरा केन्जी मिसुमींचा, तिसरा काझुओ मोरींचा.

तुमच्यासाठी पुढचा भाग दुसराच. तो सर्वांत छोटा, ७९ मिनिटांचा, आणि मिसुमी हे या तिघांतले सर्वांत देखणे दिग्दर्शक. पहिला झातोइचीपट (१९६२) त्यांचाच. इथे पुतळा तळ्यातल्या बेटावर आहे आणि खलनायक मिकोशिबा तो सुरुंगाच्या दारूने चक्क उडवून देतो. छिन्नीने सुरू झालेला उद्धटपणा किती पुढे गेला बघा. मग साध्वी स्वभावाची सायुरी जाळली जाण्याच्या बेतात असते, तिचा अश्रू पडतो, आणि तळं दुभंगून माजिन वर येतो. पाणी आणि आग दोन्ही एकाच वेळी, आणि वर सांगितलेला मापाचा फायदा सगळ्यात जास्त इथे दिसतो. खोट मात्र आहे: माणसं पहिल्यापेक्षा पातळ. मिकोशिबा सामानोसुकेइतका खोल जात नाही. पहिल्यात पुजारीणबाई तलवारीपुढे उभ्या राहतात त्या तोडीचा प्रसंग दुसऱ्यात नाही.

तिसऱ्याबद्दल चाहत्यांत भांडणं आहेत. नायक म्हणून राजकन्या नाही, राजपुत्र नाही, चार पोरं आहेत. त्यांच्या गावच्या लाकूडतोड्यांना सरदार आराकावाने गंधकाच्या खोऱ्यात बंदुकीची दारू बनवायला डांबलंय, आणि ही पोरं त्यांना सोडवायला माजिनचा डोंगर ओलांडायला निघतात. मधला बराच भाग नुसता प्रवास आहे: कडे, नदी, भूक, पाठलाग. तुम्हाला पहिल्याचा पहिला तास जड गेला असेल तर हा जास्त जाईल. पण हाच एक भाग असा आहे ज्यात हाक मारणारा कुणी थोरामोठ्याघरचा नाही. आणि शेवटी बर्फाच्या वादळात माजिन येतो तेव्हा कमरेची तलवार उपसतो, जी आधीच्या दोन्ही भागांत म्यानातच होती. पहिले दोन पाहिलेल्यालाच त्या क्षणाची किंमत कळते. तिसरा शेवटी ठेवायचा तो एवढ्यासाठी.

प्रत्येक शेवटी माजिन कशात विरतो तेही जाता जाता पाहा: पहिल्यात माती, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात बर्फ. आणि हे चित्रपट कुठल्या महिन्यांत लागले ते वर दिलंच आहे, एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. निदान उन्हाळ्यातलं पाणी आणि डिसेंबरातला बर्फ योगायोग वाटत नाहीत.

मुलीचं म्हणाल तर, मी पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. राक्षसामुळे नाही, माणसांमुळे. खांबाला बांधून भाल्याने मारायची तयारी, पुजारीणीचा खून, कपाळातली छिन्नी, आणि शेवटी ती छिन्नी माणसात, हे नऊ वर्षांच्या मुलांना झोपताना आठवतं. तिसऱ्यात मुलं नायक आहेत म्हणून अनेक पालक तो आधी लावतात आणि फसतात: त्या चार पोरांतला एक नदीत बुडून मरतो, आणि चित्रपट ते गोड करून सांगत नाही. त्यातल्या त्यात दुसरा बरा, पण तोही तुम्ही आधी एकट्याने पाहून मग, आणि जाळण्याच्या प्रसंगाला शेजारी बसून. धीट मुलगी असेल तर चालेल. तुम्ही तिला ओळखता, मी नाही.

सामुराईकाळातले राक्षस म्हटल्यावर याच रांगेतले आणखी तीन सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. तोएइचा ‘काइर्यू दाइकेस्सेन’, डिसेंबर १९६६ चा, इंग्रजीत ‘मॅजिक सर्पंट’. जिराइया या लोककथेतल्या निन्जावर बेतलेला, शेवटी महाकाय बेडूक विरुद्ध ड्रॅगन. इथे घडा-बिडा काही नाही, पहिल्या रीळापासून जादू आहे. तुम्हाला तोच आधी आवडेल. अमेरिकेत टीव्हीसाठी डब करताना यातल्या प्राण्यांना गॉडझिलाच्या घराण्यातल्या डरकाळ्या चिकटवल्या होत्या, म्हणून शक्य तर जपानी ध्वनीचीच प्रत शोधा. दुसरा, तोहोचा ‘निप्पोन तान्जो’ (१९५९). हा सामुराईंच्याही आधीचा, पुराणकथांचा, तीन तासांचा. तोशिरो मिफुने आणि आठ डोक्यांचा साप यामाता नो ओरोची, करामती गॉडझिलावाल्या एइजी त्सुबुराया यांच्या. सलग बसवत नसेल तर सापाचा भाग तेवढा पाहा, कुणी काही म्हणणार नाही.

‘दाइमाजिन’च्या डिस्क घेणार असाल तर ॲरो व्हिडिओचा २०२१ चा तिन्ही भागांचा ब्लू-रे संच चांगला आहे, पण घेण्याआधी वेष्टनावरचं प्रदेशाचं अक्षर पाहा. भारत ब्लू-रेच्या ‘सी’ प्रदेशात मोडतो, अमेरिका ‘ए’त, ब्रिटन ‘बी’त. इथे विकत घेतलेल्या प्लेअरवर परदेशी डिस्क चालेलच असं नाही. पैसे देण्याआधी प्लेअरच्या माहितीपत्रकात बघा. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या देशातली आवृत्ती घेतली की प्रश्न मिटतो.

आणि सामुराईकाळातल्या राक्षसांच्या त्या तिघांतला राहिलेला तिसरा तुमच्या मुलीसाठी: दाइएइचाच ‘योकाइ दाइसेन्सो’ (१९६८). दिग्दर्शक कुरोदा, म्हणजे माजिनच्या करामती करणारेच. बाबिलोनचा एक दैत्य समुद्र ओलांडून जपानात येतो आणि एका अंमलदाराचं रूप घेऊन बसतो. मग तिथली सगळी देशी भुतं, पाण्यातला काप्पा, लांब मानेची बाई, एकडोळी छत्री, त्याला हाकलायला एकत्र येतात. शेवटी दैत्य महाकाय होतो, त्यामुळे तुमचीही सोय आहे. थोडं रक्त सुरुवातीला आहे, ते पुढे सारा. एका पायावर उड्या मारत लढाईला निघालेली ती छत्री तिला गॉडझिलापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.